सर्व्हर बदलताना चावी कोणाच्या हाती?

मालेगावात सूत आणि कापडाचा व्यापार करणाऱ्या एका स्नेह्यांच्या पेढीवर काही महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी बसलो होतो. चहा यायचा होता, बाहेर टेम्पोत माल भरणे चालू होते. मुनीमजींनी संगणक उघडला आणि दोन-तीन बिले फाडली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "काल तुम्ही दिलेल्या बिलाचा नंबर आणि आज माझ्या भावाला दिलेल्या बिलाचा नंबर एकच कसा?" मुनीमजींनी मागे जाऊन पाहिले, तर रविवारची एकही नोंद संगणकात नव्हती. शनिवारनंतर थेट सोमवार.

चोरी झाली नव्हती, व्हायरसही नव्हता. या पेढीचा हिशेबाचा प्रोग्रॅम भाड्याच्या सर्व्हरवर चालतो. सर्व्हर पुरवणाऱ्यांनी त्या शनिवारी रात्री सगळ्या डेटाची प्रत घेतली, रविवारी ती नव्या व्यवस्थेवर बसवली आणि रात्री जोडणी तिकडे वळवली. रविवार म्हणजे सुट्टी, असा त्यांचा समज. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि रविवारी धडधडत असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. रविवारची सगळी बिले जुन्या सर्व्हरवर फाडली गेली, आणि भाडे वाचावे म्हणून तो सर्व्हर सोमवारी पहाटे पुसूनही टाकलेला होता. कागदी प्रतींवरून पुन्हा नोंदी करण्यात आणि दोन गिऱ्हाइकांकडे गेलेले एकाच नंबरचे बिल निस्तरण्यात तो आठवडा गेला.

दोष कोणाचा? पुरवठादारांचा तर आहेच. पण आमच्या स्नेह्यांना चार दिवस आधी फोनवर कळवले होते आणि त्यांनी उत्तर दिले होते, "ते कॉम्प्युटरवाल्या पोराला विचारा." माझे म्हणणे नेमके या उत्तराविषयी आहे.

हे स्थलांतर का चालले आहे?

थोडे समजून घेऊ. एखाद्या मोठ्या इमारतीत जसे अनेक गाळे काढतात, तसे एका मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक आभासी संगणक उभे केले जातात. आपला हिशेब अशा एखाद्या गाळ्यात चालतो. दुकानातल्या पडद्यावर आपल्याला फक्त त्याचे चित्र दिसते. बटण इथे दाबले जाते, काम तिकडे होते. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. दुकान भिवंडीत, गोदाम सोलापुरात आणि लेखापाल पुण्यात असला तरी वही एकच राहते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

हे गाळे पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीचे नाव वर्षानुवर्षे सर्वांत पुढे होते. ही कंपनी घेण्याचा सौदा ब्रॉडकॉमने मे २०२२ मध्ये जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो पूर्ण झाला. लगेच डिसेंबर २०२३ मध्ये कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर, पागडी देऊन गाळा घेण्याची सोय गेली आणि सर्वांना मुदतीच्या भाड्यावर आणले गेले. फुटकळ कामासाठी मिळणारी मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतली, एप्रिल २०२५ मध्ये ती परत दिली. व्हीस्फिअर ७ या आवृत्तीला मिळणारा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. एटी अँड टी सारखी बलाढ्य दूरसंचार कंपनीही आधाराच्या प्रश्नावरून २०२४ मध्ये न्यायालयात गेली आणि पुढे तडजोड झाली. हत्तीची ही गत, तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्या लहान पुरवठादारांचे काय? वाढलेला खर्च त्यांनी एक तर आपल्या बिलात चढवला, नाही तर दुसरी इमारत शोधली.

दुसऱ्या इमारती आहेत. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आहे. व्हिएन्नातील कंपनीचे प्रॉक्समॉक्स आहे. ते खुल्या पद्धतीचे असून वापरायला मोफत आहे, पैसे पडतात ते आधाराचे. न्यूटॅनिक्स आहे, एक्ससीपी-एनजी आहे. यांपैकी कोणतेही वाईट नाही. म्हणून बदलाला घाबरण्याचे कारण नाही. मात्र फुकट मिळणारे सॉफ्टवेअर म्हणजे फुकट होणारे काम नव्हे. परवान्याचे वाचलेले पैसे जाणकार माणसावर आणि तालमीवर खर्च करावे लागतात. तिथेही हात आखडला की मालेगावचा सोमवार उजाडतो.

गाळा बदलला की काय काय हलते?

"डेटा जशाच्या तसा उचलून ठेवू," असे पुरवठादार म्हणतात, आणि डेटापुरते ते खरेही असते. पण आभासी संगणकाचे अवयव बदलतात. विंडोजला नव्या डिस्कची ओळख आधी करून दिली नाही, म्हणजे तिचा ड्रायव्हर आधी घातला नाही, तर यंत्र निळा पडदा दाखवून थांबते. नेटवर्कचे कार्ड नवे झाल्याने ठरवून दिलेला पत्ता जातो आणि दुकानातून जोडणी होत नाही. हिशेबाच्या अनेक प्रोग्रॅमचा परवाना यंत्राच्या ओळखीला बांधलेला असतो. जुन्या यंत्रावरून तो आधी परत करावा लागतो. ते विसरले की प्रोग्रॅम उघडतो, पण परवाना नसल्यासारखा वागतो. यूएसबीला लावायचा डोंगल किंवा डिजिटल सहीचे टोकन नव्या व्यवस्थेत दिसेल की नाही, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये बिले छापणाऱ्यांनी तर तो फॉन्ट नव्या यंत्रावर आहे की नाही, हे आधी पाहावे. नाही तर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी चित्रविचित्र अक्षरे छापली जातात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कागद सरकून बिलाचा आकडा रेघेवर येणे, ही तर नेहमीचीच तक्रार.

यातले बरेचसे तंत्रज्ञाने करायचे आहे. पण बरोबर झाले की नाही, हे तंत्रज्ञाला कळणार नाही, ते मुनीमालाच कळेल. म्हणून तालीम हवी. प्रत्यक्ष बदलाच्या आठवडाभर आधी नव्या यंत्रावर डेटाची प्रत चालवावी आणि मुनीमाने तिथे बसून एक बिल फाडावे, छापावे, जीएसटीची फाइल काढून पाहावी. मग दोन्हीकडची तेरीज, शिल्लक माल आणि शेवटच्या बिलाचा नंबर ताडून पाहावा. तीनही जुळले तर पुढे जावे, एक पैचा फरक असेल तर थांबावे. प्रत्यक्ष बदलाच्या रात्रीही हीच ताडणी पुन्हा करावी. प्रत घ्यायला सुरुवात झाल्यापासून जुन्या यंत्रावर कोणालाही नोंद करता येऊ नये, अशी जोडणीच बंद करावी. "कोणी वापरू नका" असा नुसता निरोप पुरत नाही.

दिवस कोणता, हे तर आपणच सांगायचे. महिन्याच्या ११ आणि २० तारखा जीएसटीच्या विवरणांच्या असतात. २० नंतरचे, पण महिनाअखेरीपूर्वीचे दिवस बरे. मार्च नको. कापडवाल्यांनी ईद आणि दिवाळीच्या तोंडावर तर विषयच काढू नये. आणि आपली साप्ताहिक सुट्टी कोणती, हे लेखी कळवावे.

घाईत उघडी राहणारी दारे

बदलाच्या गडबडीत एक चूक हमखास होते. जोडणी लागत नाही, गिऱ्हाईक खोळंबते, म्हणून रिमोट डेस्कटॉपचे दार, ज्याचा ठरलेला क्रमांक ३३८९ आहे, ते थेट इंटरनेटवर उघडले जाते. "दोन दिवसांनी बंद करू," असे म्हणतात आणि ते तसेच राहते. या दारांवर जगभरातून रात्रंदिवस पासवर्ड आजमावले जातात. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष सापडला, तेव्हा जुन्या विंडोजची अशी दारे पासवर्डाशिवायही फोडता येतात, हे उघड झाले. कोणी आत शिरला की वही कुलूपबंद करून खंडणी मागतो. म्हणून व्हीपीएनच्या आतूनच जोडणी हवी, मोबाइलवरील दुसरी खूण हवी आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र नाव हवे. गाळा बदलताना आपण जुने भंगार काढतोच. सोडून गेलेल्या नोकरांची खातीही त्याच वेळी काढावीत.

परवान्याचेही तसेच. विंडोज सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे तर माणसागणिक किंवा यंत्रागणिक वेगळा परवाना लागतो. सुरुवातीला १२० दिवसांची सवलत असते. ती संपली की एखाद्या दिवशी भर दुपारी जोडणी नाकारली जाते. साध्या विंडोजला जोडतोड करून दहा माणसे बसवून देणारे बाजारात आहेत. तो माल बिनपावतीचा समजावा. स्वस्त वाटतो, पण अडचण आली की कोणी उभे राहत नाही.

करार आणि प्रत

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इमारत कोणाचीही असो, वही आपली आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे, पुरवठादाराची नव्हे. नोटीस आली तर "सर्व्हर बदलला" हे उत्तर अधिकारी ऐकून घेणार नाही.

तेव्हा पुरवठादाराकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. बदलाची सूचना किमान महिनाभर आधी मिळेल. बदलानंतर जुने यंत्र ३० दिवस बंद ठेवले जाईल, पण आमच्या लेखी संमतीशिवाय पुसले जाणार नाही. आम्ही सोडून जाताना संपूर्ण डेटा आणि आभासी डिस्कची फाइल दुसरीकडे चालेल अशा स्वरूपात मिळेल. आणि दर आठवड्याला एक प्रत आमच्या हाती येईल. काही जण स्नॅपशॉट घेतल्याचे सांगून दिलासा देतात. स्नॅपशॉट सहसा त्याच साठ्यावर असतो. साठा गेला की तोही गेला. खरी प्रत ती, जी दुसऱ्या जागी आहे आणि जी आपण एकदा उघडून पाहिली आहे.

यावर कोणी म्हणेल, आम्ही लहान दुकानदार, आमचे कोण ऐकणार? एकट्याचे कोणी ऐकत नाही, हे खरे. पण एकाच बाजारातले वीस-पंचवीस व्यापारी पुष्कळदा एकाच पुरवठादाराकडे असतात. आपण सूत एकत्र मागवतो, वाहतुकीचा दर एकत्र ठरवतो. मग हा करार व्यापारी संघटनेमार्फत एकत्र का करू नये? तालमीसाठी एक जाणकार माणूस सर्वांनी मिळून नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च एका चुकलेल्या सोमवारपेक्षा नक्कीच कमी असेल.

आपल्या वडीलधाऱ्यांकडे संगणक नव्हता, पण रात्री दुकान वाढवताना रोकड मोजून आणि वही कपाटात ठेवून चावी ते स्वतःच्या खिशात घालत. वही आता दूरच्या यंत्रात गेली आहे आणि ते यंत्रही अधूनमधून बदलणार आहे. मालेगावच्या आमच्या स्नेह्यांनी आता एक डिस्क घेतली आहे. दर गुरुवारी संध्याकाळी मुनीमजी तीवर प्रत उतरवतात, शेवटच्या बिलाचा नंबर एका साध्या वहीत लिहितात आणि डिस्क मालकाच्या हाती देतात. शुक्रवारी पेढी बंद असते.