परगावचा जेवणारा आणि गावची खानावळ

प्रवासात जेवणाची वेळ झाली की अनोळखी गावात उतरलेल्या माणसापुढे एक प्रश्न उभा राहतो : जेवावे कोठे? दारावरची पाटी वाचून आतल्या अन्नाची प्रत कळत नाही, आणि आधी चव पाहून मग पैसे देण्याची सोय कोणत्याही गल्ल्यावर नसते. अशा वेळी अनुभवी माणूस, मग तो दप्तर तपासणीला आलेला कारकून असो की परीक्षेच्या कामासाठी आलेला शिक्षक, एकच खूण पाहतो. ज्या खानावळीत त्या गावची माणसे रोज जेवतात, तेथे तो शिरतो. या साध्या व्यवहारज्ञानामागे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा विचार आहे. आणि बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे प्रवास म्हणजे मुख्यतः रस्त्यावरचा प्रवास, तेथे ही खूण पाहण्याची संधीच आता प्रवाशाच्या हातून निसटू लागली आहे.

तालुक्याच्या गावची खानावळ ही मुळात प्रवाशांसाठी निघालेली नाही. अंबाजोगाई, माजलगाव, केज, परळी यांसारख्या गावी बदलीवर आलेला कारकून, कुटुंब दूर ठेवून नोकरी करणारा शिक्षक आणि खेड्यातून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी यांच्या दोन वेळच्या जेवणावर ती उभी राहते. महिन्याच्या सभासदांची वही हेच तिचे भांडवल. भाकरी किंवा पोळी, येसराची आमटी, एखादी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढाच तिचा पसारा. आमटीत पाणी वाढले किंवा तेल हलके आले, तर सभासद त्याच दिवशी बोलून दाखवतो आणि महिनाअखेरीस दुसरी खानावळ धरतो. परगावचा प्रवासी मात्र तक्रार करू शकत नाही, कारण तो पुन्हा येणारच नसतो. तरीही त्याला बरे जेवण मिळते, ते शेजारी बसलेल्या सभासदाच्या धाकामुळे. दोघांची आमटी एकाच पातेल्यातून येते.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे दाखवून दिले, की जेथे मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक असते पण घेणाऱ्याला नसते, तेथे हलका माल हळूहळू चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना अन्य दोघांसह मिळाले. या दोषावरचा एक जुना उपाय म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिऱ्हाईक. तालुक्याच्या खानावळीत हा उपाय कोणत्याही निरीक्षकाविना रोज चालू असतो.

आता रस्त्याकडे पाहू. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि बीड, गेवराई या गावांना वळणरस्ते मिळाले. त्यांची गरज होतीच. भर बाजारातून धावणाऱ्या मालमोटारींनी शाळकरी मुलांचा जीव धोक्यात घालावा, असे कोणी म्हणणार नाही. पण वळणरस्त्याने वाहनांबरोबर प्रवाशालाही गावाबाहेर नेले. आता त्याची जेवणाची वेळ महामार्गावरच्या मोठ्या उपाहारगृहात होते. तेथे सगळेच परके, सगळेच घाईत आणि सगळेच एका वेळचे गिऱ्हाईक. त्यातून लांब पल्ल्याची बस असेल तर जेवणाची जागा प्रवासी निवडतच नाही. गाडी थांबेल तेथे त्याला उतरावे लागते. अनेक थांब्यांवर चालक-वाहकाच्या जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत, हे नेहमी प्रवास करणाऱ्यास ठाऊक असते. ते जेवण अर्थातच फुकट नसते. त्याची किंमत इतरांच्या ताटात मिसळलेली असते. एस.टी. महामंडळाने अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आखली ती स्तुत्यच. परंतु दर ठरवून देता आला तरी पदार्थाची प्रत कागदावर ठरवून देता येत नाही.

दुसरा परिणाम शेतापर्यंत पोहोचतो. महामार्गावरची पदार्थांची यादी सोलापूरपासून धुळ्यापर्यंत जवळजवळ एकच असते : पनीर, काजू, तंदुरी रोटी. यातला बराचसा माल बाहेरून येतो. खानावळीच्या ताटातली ज्वारी, तूर आणि शेंगदाणा मात्र बहुधा आसपासच्या शिवारातला किंवा आठवडी बाजारातला असतो, आणि भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरीही गावातच खर्च होते. बीड जिल्हा हा रब्बी ज्वारीचा जुना पट्टा. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते. आज ते त्याच्या तृतीयांशाहूनही कमी उरले आहे. खरिपातली ज्वारीची जागा सोयाबीन व कापसाने घेतली, आणि शिधावाटप दुकानांतून गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. पोळ्या आधी करून ठेवता येतात. भाकरी गरमच वाढावी लागते आणि ती थापणारा हात सहज मिळत नाही. त्यामुळे ज्वारीच्या मुलखातही अनेक ठिकाणी भाकरीचे पैसे वेगळे मोजावे लागतात. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. ज्वारीचा गौरव झाला. मागणी टिकवण्यासाठी मात्र रोजचे ताट लागते.

याचा अर्थ गावची खानावळ सर्वगुणसंपन्न आहे असा नव्हे. तिच्यात एक मोठी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले आणि बसस्थानकांवर स्त्रियांची गर्दी वाढली; पण खानावळीच्या बाकावर ती अजून दिसत नाही. एकटी शिक्षिका किंवा परीक्षेला निघालेली मुलगी तालुक्याच्या खानावळीत शिरताना बिचकते. पडदा लावलेली 'फॅमिली रूम' हीच तिच्यासाठी मानलेली जागा, आणि स्वच्छतागृह तर पुष्कळदा नसतेच. महामार्गावरचे उपाहारगृह महाग असेल, पण तेथे निदान ही सोय बहुधा असते, आणि म्हणून स्त्रिया ते पसंत करतात. ही त्यांची निवड चूक कशी म्हणावी? अन्न रांधणारे हात बहुधा स्त्रियांचे आणि बाकावर बसणारे सगळे पुरुष, ही विसंगती खानावळवाल्यांनीच दूर केली पाहिजे.

येथे मुंबईचा अनुभव मार्गदर्शक ठरेल. गिरणगावात हजारो कामगारांचे जेवण खानावळवाल्या बायका घरात रांधत. पैसे पगारानंतर मिळत, तोवर किराणा सावकारी कर्जावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. त्यांची हातोटी जुनीच होती. उणीव खेळत्या भांडवलाची होती. तालुक्याच्या खानावळीची अडचण आजही बहुतांशी हीच आहे. एक स्वच्छतागृह, एक हवेशीर खोली आणि महिनाभराचा किराणा एवढ्यासाठी लागणारी रक्कम मोठी नसते, पण ती वेळेवर मिळत नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. बसस्थानकातील उपाहारगृहाचा ठेका केवळ अधिक भाडे देणाऱ्यास दिला, तर ते भाडे प्रवाशाच्या ताटातूनच वसूल होणार. त्याऐवजी भाड्याबरोबर जेवणाचा दर, स्वच्छता आणि स्थानिक धान्याचा वापर यांनाही गुण द्यावेत, आणि महिला बचतगटांना त्यात प्राधान्य असावे. अशा ठिकाणी गावातल्या सभासदांचेही जेवण चालावे, ही अट सर्वांत महत्त्वाची. सभासदांची वही असली की तपासनिसाचे निम्मे काम आपोआप होते.

बीड शहरात प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. त्या गाडीची वाट जिल्ह्याने कित्येक दशके पाहिली. स्थानकाच्या आसपास आता दुकाने निघतील, उपाहारगृहे निघतील, गाळ्यांचे लिलाव होतील. महामार्गाच्या वेळी या गोष्टींचा विचार कोणी केला नाही, कारण रस्ता झाला यातच समाधान होते. रेल्वेच्या वेळी तो करण्यास अजून अवधी आहे. परगावचा माणूस गाडीतून उतरून जेवायला बसेल, तेव्हा त्याच्या शेजारी गावचा एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी जेवत असावा, एवढे जरी पाहिले तरी त्या ताटातली आमटी पातळ होणार नाही.