खिळे ठोकण्यापुरते कारागीर

गेल्या प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी वसईपट्ट्यातील एका धर्मग्रामात क्रूसाच्या वाटेची चौदा नवी शिल्पे बसवण्यात आली. शिल्पे फायबरची, दुकानाच्या सूचिपत्रात पाहून मागवलेली आणि खोक्यांत भुश्यासकट आलेली. रोमी शिपायांचे गाल गुलाबी, प्रभूचे डोळे निळे. ती भिंतीवर टांगण्यासाठी गावातल्या एका वृद्ध सुताराला बोलावणे धाडले गेले. याच मंदिराचे जुने प्रवचनपीठ या गृहस्थांनी तरुणपणी वडिलांच्या हाताखाली सागवानात कोरले होते. त्याच्या कडेने फिरणारी द्राक्षवेल आमच्या पिढीने लहानपणी, प्रवचन लांबले की, पानापानाने मोजलेली आहे. पुढे जीर्णोद्धार झाला, ते पीठ मागच्या खोलीत गेले आणि तेथून कोठे गेले हे आज कोणालाच सांगता येत नाही. काकांनी ओळंबा धरून चौदा जागा आखल्या, चौदा खिळे ठोकले. मजुरी घेतली नाही. निघताना ते एवढेच म्हणाले, "फादर, टांगायला मला बोलावलंत. करायला एकदा विचारायचं तरी होतं."

आम्ही तेथे उभे होतो. इतकेच नव्हे, ज्या सभेत ही खरेदी मंजूर झाली त्या सभेत हात वर करणाऱ्यांतही आम्ही होतो. तेव्हा या लेखात जे आरोप येतील त्यांतला पहिला आरोपी कोण, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आमचे म्हणणे असे आहे की, परंपरेने चालत आलेली एखादी कला किंवा कारागिरी गुरूपाशी बसून शिकणे ही ख्रिस्ती माणसाची उपासना आहे. ती फावल्या वेळातली करमणूक नव्हे, वार्षिक स्नेहसंमेलनातला देखावा तर नव्हेच. "श्रद्धा निराळी आणि सुतारकी निराळी," असे आम्हांला सुनावले जाते. असे सुनावणाऱ्यांनी निर्गमाच्या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय उघडावा. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलेला म्हणून तेथे ज्याचे नाव येते तो राजा नाही, याजक नाही, संदेष्टाही नाही. तो बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे आणि पितळ घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी आणि लाकडाचे नक्षीकाम करण्यासाठी देवाने त्याला आपला आत्मा दिला. पुढे पस्तिसाव्या अध्यायात एक गोष्ट येते, तिच्याकडे आमच्या प्रवचनांचे सहसा लक्ष जात नाही. बसालेल आणि त्याचा सहकारी अहलियाब यांना देवाने दुसऱ्यांस शिकवण्याचीही बुद्धी दिली. म्हणजे कला हातात येणे हे जसे वरदान, तसे ती दुसऱ्याच्या हातात उतरवणे हेही वरदान. त्याच अध्यायात सूत कातणाऱ्या आणि शेळ्यांचे केस पिंजून कातणाऱ्या स्त्रिया आहेत. निवासमंडप उभा राहिला तो या सगळ्या हातांवर.

नाझरेथच्या घराविषयी आम्ही काय बोलावे? संत योसेफाची तसबीर आमच्या घराघरांत आहे. हाती रंधा, शेजारी बाळ येशू लाकडाचा तुकडा धरून उभा. श्रमिकांचा आश्रयदाता म्हणून १ मे हा त्याचा सण पोप बाराव्या पायस यांनी १९५५ साली लावून दिला. तो आम्ही भक्तीने पाळतो. पण त्याच घरातल्या मुलाने खरोखरच रंधा हाती धरायचे म्हटले की घरात सुतक येते! "एवढे शिकवले ते यासाठी का? तुला मुलगी कोण देईल?" प्रभूला त्याच्या गावच्या लोकांनी 'हा सुतारच ना?' या अर्थाचे टोमणे मारले होते. ते टोमणे आज आमच्याच ओसरीवरून मारले जात आहेत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. या देशात कारागिरी जातीला बांधलेली होती. वाकस आणि पटाशी जन्माबरोबर गळ्यात पडत असे, आणि त्याबरोबर पायरीही ठरत असे. अनेक कुटुंबांना शाळेने, इंग्रजीने आणि नोकरीने त्या पायरीवरून उठवले. त्यांना आता पुन्हा तेथेच बसा म्हणायचे काय? मुळीच नाही. ज्याच्या बापाने टोपल्या विणल्या त्याने टोपल्याच विणाव्यात, असे आम्ही म्हणत असू तर हा अंक वाचकांनी खुशाल चुलीत घालावा. पण बसालेल यहूदाच्या वंशातला आणि अहलियाब दानाच्या वंशातला होता. वंश वेगळे, काम एक. जन्माने लादलेले काम आणि ओढीने शिकलेले काम यांत दास आणि शिष्य यांच्याइतके अंतर आहे. डॉक्टरच्या मुलीने बुरुडाकडे जाऊन बांबू सोलायला शिकावे, बुरुडाच्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि वाटल्यास सुटीत तोही बांबू सोलावा. ख्रिस्तसभेत हे घडणार नसेल तर मग कोठे घडायचे?

दुसरा आक्षेप अधिक सोपा आहे: या कला 'आपल्या' नाहीत, त्या हिंदूंच्या आहेत. असे म्हणणाऱ्यांनी जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात एकदा जाऊन यावे. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेला बाल उत्तम मेंढपाळ हा जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवला जातो. खडकांच्या उतरंडीवर बसलेले बाळ, मांडीवर कोकरू, गालाला हात, मिटलेले डोळे. ते मिटलेले डोळे आणि ती शांती युरोपातल्या कोणत्या नमुन्यातून आली? ती येथल्या मातीत ध्यानस्थ मूर्ती घडवणाऱ्या हातांतून आली. हिंदू कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेऊ नयेत असे आदेश सोळाव्या शतकात निघाले. आदेश काढावे लागले, याचा अर्थ लोक त्यांच्याकडून त्या करवून घेत होते! गोव्याच्या बों जेझू महामंदिराच्या बांधणीसाठी, १५९४ ते १६०५ या काळात, काळा दगड गेला तो आमच्या वसईचा. आज त्याच वसईत संगमरवरी फरश्या आणि फायबरचे संत बाहेरून येतात.

आणि आंजेलो द फोन्सेका? हे नाव आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत किती मुलांना ठाऊक आहे? गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेल्या या तरुणाने वैद्यकाचा अभ्यास सोडला आणि चित्रकला शिकण्यासाठी तो थेट बंगालात गेला. गुरू कोण? अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस. एक कॅथलिक मुलगा ख्रिस्ती नसलेल्या गुरूंच्या पायाशी बसून आपल्या देशाची रेषा आणि रंग शिकला, आणि शिकून आल्यावर त्याने काय काढले? साडी नेसलेली पवित्र मारिया. सावळे बाळ. या मातीतले संत. गोव्यातील प्रतिष्ठितांना ते सोसले नाही. देवमातेला साडी म्हणजे जणू पाखंड! फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आले आणि आसरा मिळाला तो ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, म्हणजे अँग्लिकन बंधूंच्या घरी. आम्हा कॅथलिकांच्या चित्रकाराला छप्पर दिले ते दुसऱ्या पंथाने, ही गोष्ट आम्ही आजही खालच्या मानेने सांगावी अशी आहे. १९६७ साली पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सुपूर्द झाला तो २००६ साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. आता त्यांचा गौरव होतो. पण जिवंत फोन्सेकाला आपल्या मंदिराची भिंत देण्यास किती धर्मग्रामे पुढे आली असतील, याचे उत्तर आम्ही आमच्या निळ्या डोळ्यांच्या चौदा शिल्पांपुढे उभे राहून देतो.

हे सारे बंडखोर लोकांचे विचार आहेत असे कोणास वाटत असेल तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उपासनेविषयीचे संविधान काढून पाहावे. ते डिसेंबर १९६३ चे आहे. ख्रिस्तसभा कोणत्याही एका शैलीला आपली म्हणून बसलेली नाही, सर्व वंशांच्या आणि प्रदेशांच्या कलेला मंदिरात वाव असावा, भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याकडे पाहावे आणि जेथे उपयोग होईल तेथे पवित्र कलेच्या शाळा काढाव्यात, असा त्याचा आशय आहे. साठ वर्षे उलटली. मंगल कार्यालये झाली, पतपेढ्या झाल्या, त्यांची गरजही होती. पण चार पटाश्या आणि एक म्हातारा गुरू एवढ्या भांडवलावर चालणारी शाळा आमच्या किती धर्मग्रामांनी काढली?

कोणी म्हणेल, असे कसे? नाताळच्या शुभेच्छापत्रावर आम्ही वारली चित्रे छापतो की! छापतो खरे. त्रिकोणी माणसांच्या तीन आकृत्या गव्हाणीभोवती चिकटवल्या की आमचे भारतीयीकरण पूर्ण. ही शिकणे टाळण्याची सर्वांत सोयीस्कर रीत आहे. वारली चित्र कोठून येते? शेणाने आणि गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवरून, तांदळाच्या पिठाच्या पाण्यातून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीतून, आणि लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हातांतून. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वसई धर्मप्रांताच्या हद्दीतच ही घरे आहेत, त्यांतली काही आपल्याच भाविकांची. तेथे जाऊन आठ दिवस भिंत सारवण्यापासून सुरुवात करणारे आमच्या युवा संघटनेत किती? आयती आकृती उचलणे म्हणजे ज्याचे आहे त्याला न विचारता घेणे. त्याला आमच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात एक स्पष्ट शब्द होता.

राहिला पोटाचा प्रश्न. येथे आम्ही कोणाला फसवू इच्छित नाही. कोरीवकामावर आज घर चालत नाही. वसईत जागेचे भाव काय झाले आहेत ते सर्वांस ठाऊक आहे. संत पौलाने तंबू शिवून पोट भरले आणि सुवार्ता सांगितली. आमच्या मुलांना बहुधा उलट करावे लागेल. बँकेत किंवा कंपनीत पोट भरून हाताने काही घडवायला शिकावे लागेल. पण आपल्या धर्मग्रामाने निदान आपले काम तरी त्यांना द्यावे. फायबरच्या खोक्यांवर जो खर्च झाला तो लहान नव्हता. तेवढ्यात काकांच्या हाताखाली दोन मुले बसली असती. शिल्पे पहिल्या वर्षी दोनच झाली असती, उरलेल्या बारा ठिकाणी साधा लाकडी क्रूस लावून आम्ही गुडघे टेकले असते. प्रभू येशूने त्यात काही उणे मानले असते असे आम्हांस वाटत नाही. यापोची टबीथा वारली तेव्हा विधवांनी पेत्राला रडत रडत काय दाखवले? तिने शिवलेले अंगरखे. विकत आणून वाटलेले असते तर ते अशा रीतीने कोणी जपले नसते.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही काकांच्या घरी जाऊन आलो. क्षमा मागायची होती. ती त्यांनी मागू दिली नाही, चहा पाजला. शिकवाल का, असे विचारले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग पडवीतली पेटी ओढली, वडिलांची पटाशी काढली, अंगठ्यावर धार पाहिली आणि अटी सांगितल्या. शनिवारी दुपारी तीननंतर. मुलगी असो वा मुलगा, चालेल. फी नको. पहिले दोन महिने फक्त सहाणेवर धार लावायची, लाकडाला हात लावायचा नाही. ज्याला त्याचा कंटाळा येईल त्याने घरी जावे. आणि शिकून झाल्यावर त्याने आणखी एकाला शिकवले पाहिजे.

त्यांचे वय ब्याऐंशी आहे. आम्ही आमच्या नातवाचे नाव दिले आहे. वहीत आणखी जागा आहे.