उथळ थडगे, उथळ मैत्री

लोभामुळे मैत्रीचा नाश होतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता कोणासच वाटेनाशी झाली आहे. डॅनी बॉयल यांनी दिग्दर्शित केलेला ‘शॅलो ग्रेव्ह’ हा १९९४ सालचा ब्रिटिश चित्रपट पाहणारे सुशिक्षित रसिकही बहुधा हेच वाक्य हाती घेऊन उठतात. काहीजण त्या वाक्यासाठीच चित्रपटाची स्तुती करतात. आणि काहीजण, एवढेसे तात्पर्य सांगण्याकरिता इतके रक्त सांडण्याचे व त्यावर प्रेक्षकांस हसविण्याचे प्रयोजन काय, असा सवाल टाकतात. आमच्या मते या दोन्ही पक्षांनी चित्रपट नीट पाहिलेला नाही. तेथे लोभाने मैत्री मोडलेली नाही. मोडण्याजोगी मैत्री तेथे मुळात नव्हतीच, आणि पैशाच्या पेटीने ती गोष्ट उघडकीस आणली, इतकेच. हे आमचे म्हणणे येथे साधार मांडण्याचा विचार आहे. शेवट सांगितल्यावाचून ते सिद्ध होत नाही. तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी त्याबद्दल क्षमा करावी.

एडिंबरो शहरातील एका प्रशस्त बिऱ्हाडात तिघे तरुण एकत्र राहतात. ज्यूलिएट डॉक्टर आहे, डेव्हिड हिशेबतपासनीस आहे, आणि ॲलेक्स वृत्तपत्राचा बातमीदार आहे. चौथी खोली रिकामी असून तिच्यासाठी त्यांना बिऱ्हाडकरू हवा आहे. पुष्कळ उमेदवारांस हाकलून दिल्यावर ह्यूगो नावाच्या एका गृहस्थाची निवड होते, आणि थोड्याच दिवसांत तो मादक द्रव्याच्या अतिसेवनाने आपल्या खोलीत मरून पडलेला आढळतो. त्याच्याजवळ नोटांनी भरलेली एक पेटी सापडते. पोलिसांस वर्दी द्यावी की पेटी ठेवून प्रेताची विल्हेवाट लावावी, असा प्रश्न उभा राहतो, आणि काही काळ चाचपडल्यावर हे तिघे दुसरा मार्ग पत्करतात. येथून पुढची कथा तिघांच्या अधःपाताची आहे, हे कोणीही सांगेल. आमचे लक्ष मात्र प्रेत सापडण्यापूर्वीच्या भागाकडे आहे.

चौथ्या बिऱ्हाडकरूच्या निवडीचा तो प्रसंग वाचकांनी आठवून पाहावा. खोली मागण्यास आलेल्या माणसांना हे तिघे पलंगपोसासारखे झटकतात. त्यांना खासगी, लाजिरवाणे प्रश्न विचारतात, त्यांच्या उत्तरांची टर उडवितात, आणि बिचारा उमेदवार गेला की एकमेकांकडे पाहून खदखदा हसतात. हा प्रसंग अतिशय विनोदी आहे, आणि आम्हीही तो पाहताना मनसोक्त हसलो हे कबूल करतो. परंतु हसून झाल्यावर मनाशी विचारावे, या तिघांना एकत्र बांधणारे असे दुसरे काय या चित्रपटात दिसते? कोणी कोणाच्या दुःखात धावून गेला आहे काय? कोणी कोणासाठी काही सोडले आहे काय? चौथ्या माणसाविषयीचा तुच्छभाव, एवढेच त्यांच्या सख्याचे भांडवल आहे. पेटी तर अजून घरात यावयाची आहे! जे सख्य दुसऱ्याच्या अपमानावर पोसले जाते, त्याला अपमान करण्यासाठी बाहेरचा माणूस मिळेनासा झाला म्हणजे ते आतल्याच माणसावर उलटते. पुढच्या साऱ्या रक्तपाताचे बीज या हास्यात आहे, आणि पटकथालेखक जॉन हॉज यांनी ते पहिल्याच काही मिनिटांत पेरून ठेवले आहे.

आता या हास्याविषयीचा आक्षेप विचारात घेऊ. मृत्यूवर हसणे ही अभिरुचीची हानी होय, असे म्हणणारांना ब्रिटिश चित्रपटाचा इतिहास ठाऊक नसावा. ईलिंग येथील चित्रसंस्थेने १९४९ साली ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ काढला, त्यात एक सुसंस्कृत तरुण सरदारकीसाठी आपले नातलग एकामागून एक नाहीसे करतो आणि ती हकीकत अत्यंत सभ्य भाषेत आपल्याला ऐकवितो. त्याच संस्थेच्या १९५५ च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये पाच दरोडेखोर एका वृद्धेच्या घरी बिऱ्हाड करतात आणि तिला मारण्यासाठी चिठ्ठ्या टाकावयाच्या तशा काड्या ओढतात, शेवटी पाचही जण मरतात आणि लुटीची रक्कम त्या भाबड्या बाईकडेच राहते. ‘शॅलो ग्रेव्ह’ हा याच घराण्यातला आहे. तेथेही बिऱ्हाड आहे, लूट आहे, आणि चिठ्ठी टाकणेही आहे. भेद इतकाच की, या घरातून ती वृद्धा काढून टाकलेली आहे. ईलिंगच्या हास्यात प्रेक्षकाला उभे राहण्यासाठी निष्पापतेचा एक कोपरा राखून ठेवलेला असे; येथे तो कोपरा नाही. आपण ज्यांच्याबरोबर हसलो तेच गुन्हेगार ठरतात, आणि आपले हसणे आपल्यालाच अडचणीत आणते. ही अडचण निर्माण करणे हेच या विनोदाचे काम आहे. प्रेक्षकाला बाहेर सुरक्षित बसवून नीतिपाठ देणे सोपे असते; त्याला आधी त्या टोळक्यात सामील करून घेऊन मग आरसा दाखविणे कठीण असते.

चिठ्ठी डेव्हिडच्या नावाची निघते. प्रेताची ओळख पटू नये म्हणून त्याचे हातपाय तोडण्याचे काम त्याच्याकडे येते, आणि तो ते करतो. तिघांनी मिळून घेतलेला निर्णय, परंतु हात मात्र एकाचे! यानंतर उरलेली दोघे बाजारात जाऊन पैसे उधळतात, नव्या वस्तूंशी खेळतात, आणि डेव्हिड पोटमाळ्यावर जाऊन राहतो. पेटी पाण्याच्या टाकीत लपवून तो माळ्याच्या तक्तपोशीला भोके पाडतो आणि त्यांतून खालच्या मित्रांवर पहारा करतो. डेव्हिड वेडा झाला, असे सांगून टीकाकार मोकळे होतात. आम्हांस तसे वाटत नाही. त्या तिघांत ज्याला झाल्या गोष्टीवर हसता आले नाही असा तो एकटाच होता. सद्सद्विवेकबुद्धीला योग्य वाट न मिळाली म्हणजे ती कुजते आणि तिचे संशयात रूपांतर होते, हे ख्रिस्तोफर एकल्स्टन या नटाने केवळ डोळ्यांच्या आणि मानेच्या ताठपणाने दाखविले आहे. ॲलेक्सच्या भूमिकेतील युअन मॅक्ग्रेगर यांचा उथळ उत्साह आणि ज्यूलिएट झालेल्या केरी फॉक्स यांचा थंडपणा यांनी त्या भूमिकेस उत्तम उठाव दिला आहे.

आणखी एका गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. हे तिघे ज्या व्यवसायांतले आहेत त्यांवर समाजाचा विश्वास टेकलेला असतो. देह डॉक्टरच्या स्वाधीन करावा, पैसा हिशेबनिसाच्या, आणि सत्य बातमीदाराच्या. गुन्ह्यात तिघेही आपापली विद्याच वापरतात. तोडलेले अवयव ज्यूलिएटच्या रुग्णालयातील भट्टीत जाळले जातात. ठेव सांभाळण्याचे काम हिशेबनीस करतो. आणि पुरलेली प्रेते सापडल्यावर ती बातमी लिहिण्याची कामगिरी ॲलेक्सवरच येऊन पडते! जॉन हॉज हे स्वतः वैद्यकीय व्यवसायातून लेखनाकडे आलेले. पांढरपेशा माणसाचे हात किती स्वच्छ असतात, हे त्यांना ठाऊक असणारच.

शेवटी स्वयंपाकघरात सुऱ्या निघतात. डेव्हिड ॲलेक्सच्या खांद्यात सुरी खुपसून त्याला जमिनीला खिळवितो. ज्यूलिएट डेव्हिडला ठार करते, आणि ॲलेक्सच्या खांद्यातील सुरी आपल्या पायातील बुटाने ठोकून अधिक खोल बसविते. मग पेटी घेऊन ती विमानतळ गाठते. पेटी उघडते तो तिच्यात नोटांच्या जागी वृत्तपत्राचे कपटे! पैसा ॲलेक्सने आधीच जमिनीच्या फळ्यांखाली दडविला होता, आणि त्याचे रक्त आता त्या नोटांवर ठिबकत आहे. तो मात्र हसतो आहे. आरंभी मैत्री आणि विश्वास यांविषयी निवेदन करणारा आवाज डेव्हिडचा होता, आणि अखेरीस तो शवागारात निजलेला दिसतो. ज्या माणसाला मित्र कधी लाभला नाही, त्याच्याच तोंडून मैत्रीचे प्रवचन! यापेक्षा कडवट विनोद आम्हांस आठवत नाही.

हे पाश्चात्त्यांचे दुखणे आहे, आपल्या घरांत असे घडत नाही, असे समाधान कोणी मानून घेऊ नये. आपल्याच भूमीत सांगितलेल्या वेदब्भ जातकात मंत्रबळाने पडलेल्या रत्नांसाठी चोर आपापसांत कटून मरतात. अखेर दोघे उरतात. एक गावातून भात आणताना त्यात विष कालवितो, दुसरा तलवारीने त्याला ठार करतो, आणि तोच भात खाऊन स्वतः मरतो. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर याने असेच कथानक तीन तरुणांवर रचले. परंतु जातकातली माणसे चोर होती, म्हणून आपण ती कथा निर्धास्त मनाने मुलांना सांगू शकतो. ‘शॅलो ग्रेव्ह’मधील माणसे आपल्यासारखी आहेत; त्यांच्या भिंती रंगविलेल्या आहेत आणि त्यांचे कपडे परीटघडीचे आहेत. वाटणीच्या दिवशी सख्ख्या भावांचे चेहरे कसे पालटतात, हे ज्यांनी आपल्या वाड्यात पाहिले आहे, आणि ज्यांच्या भाषेने ‘भाऊबंदकी’सारखा शब्द घडविला आहे, त्यांनी तरी एडिंबरोकडे बोट दाखवू नये.

चित्रपट निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पेटीच्या मागावर येणारे गुंड केवळ कथानकाच्या सोयीसाठी आल्यासारखे वाटतात, आणि ज्यूलिएटच्या मनाचा ठाव लेखकाने पुरता घेतलेला नाही. तरीही दिग्दर्शकाच्या या पहिल्याच चित्रपटाला ब्रिटिश अकादमीने उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचे पारितोषिक दिले, ते योग्य झाले. याच बॉयल यांनी पुढे मुंबईत येऊन २००८ चा ‘स्लमडॉग मिलियनेर’ केला. त्यात निष्पाप मुलाला अकस्मात धन लाभते आणि सारे गोड होते. त्यास आठ ऑस्कर मिळाले आणि आपल्याकडे त्याची चर्चाही अमाप झाली. ‘शॅलो ग्रेव्ह’ची तशी झाली नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. धन निष्पापाच्या हाती पडलेले पाहणे सर्वांनाच रुचते. ते आपल्यासारख्याच्या हाती पडले तर काय होईल, हे पाहण्यास थोडे धैर्य लागते.

चित्रपटाच्या नावाचा अर्थ उथळ थडगे असा होतो. रानात खणलेला खड्डा उथळ राहिला म्हणून प्रेते वर आली, हा त्याचा उघड अर्थ. आम्हांस तो खड्डा पहिल्या प्रसंगापासूनच दिसत होता. आपण ज्यांना मित्र म्हणतो त्यांच्याबरोबर बसून आपण कशावर हसतो, हे प्रत्येकाने एकदा स्वतःशी पडताळून पाहावे. परीक्षा घेण्यास नोटांनी भरलेली पेटी दारात येण्याची वाट पाहू नये.