आधी खोलीतला प्लग पाहा, मग खरेदी करा

मुलाला किंवा मुलीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एकीकडे लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात आणि दुसरीकडे विजेच्या वस्तूंची यादी वाढत जाते. लॅपटॉप, केटल, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, इंडक्शन शेगडी, टेबल फॅन... पोर पहिल्यांदाच घराबाहेर राहणार, त्याचे हाल होऊ नयेत, ही त्यामागची भावना. पण या यादीतल्या निम्म्या वस्तू वर्षभर पलंगाखाली पडून राहतात आणि एखादी वस्तू तर धोक्याचीच ठरते.

जबलपूरचंच उदाहरण घेऊ. १९४७ साली सुरू झालेलं इंजिनीअरिंग कॉलेज, १९५५ चं मेडिकल कॉलेज, १९६४ चं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, २००५ मध्ये आलेली ट्रिपल आयटी आणि २०१८ मध्ये सुरू झालेलं धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. शिकायला येणाऱ्यांसाठी इथे बरंच काही आहे. विदर्भाशी तर या शहराचं जुनं नातं. १९५६ पर्यंत दोघांची राजधानी नागपूरच होती. गोंदियाच्या बाजूने येणारी छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि आता त्या मार्गावर मोठी लाइन झाली आहे. प्रवासाची सोय झाली, पण म्हणून सामान वाढवायचं कारण नाही.

तीन प्रश्न आधी विचारा

दुकानात जाण्यापूर्वी वसतिगृहात फोन करून किंवा तिथल्या सीनियर मुलांकडून तीन गोष्टी समजून घ्या. खोलीत प्लग किती आणि कोणते आहेत? कोणत्या वस्तूंना बंदी आहे? अंघोळीला गरम पाणी मिळतं का? अनेक वसतिगृहांत रॉड, शेगडी आणि हीटर वापरायला मनाई असते. ती मुलांना त्रास देण्यासाठी नसते. त्यामागे साधा हिशेब आहे.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. खोलीतला साधा, लहान पिनांचा प्लग ६ अँपिअरचा असतो. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. तेवढाच भार त्याने सोसायचा. आता पाणी तापवायच्या रॉडवरचा आकडा वाचा. बहुधा १५०० वॉट असतो. मोठी केटलही तेवढीच आणि इंडक्शन शेगडी त्याहून जास्त. त्यांना जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच लागतो. तो खोलीत नसला की मुलं जोडपिन लावून काम भागवतात आणि तिथेच चूक होते.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. बोर्डाला चार भोकं असली, तरी सगळी वीज येते भिंतीतल्या एकाच प्लगमधून. केटल, इस्त्री आणि दोन लॅपटॉप एकाच बोर्डावर चालू झाले की वायर तापते. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगची काळजी घेतो, पण बाजारातल्या स्वस्त बोर्डाची बारीक वायर त्याआधीच वितळू शकते. वर गादी, चादर आणि वह्या असल्या तर पुढचं सांगायला नको. तिघांच्या खोलीत एकाने केलेल्या निष्काळजीपणाची झळ तिघांनाही बसते.

म्हणून बोर्ड घ्यायचाच तर चांगल्या कंपनीचा, जाड वायरीचा, स्वतःचा फ्यूज किंवा कटआउट असलेला घ्या. त्यावर लॅपटॉप, मोबाईल आणि दिवा एवढंच चालवायचं, असं मुलांना बजावा.

जबलपूरचे तीन ऋतू

इथला उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. त्यामुळे छोटा कूलर छान काम करतो. वीजही एसीच्या मानाने फारच कमी खातो. मात्र खिडकी उघडी हवी. कोंडलेल्या खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला की तो निरुपयोगी होतो, मग पंखाच बरा. म्हणून जुलैत प्रवेश घेताना कूलर विकत घेणं म्हणजे आठ महिने अडगळ सांभाळणं. तो मार्च-एप्रिलमध्ये घ्यावा, जमल्यास पास होऊन जाणाऱ्या मुलांकडून. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायला हवी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि रॉडची आठवण येते. वसतिगृहाची परवानगी आणि पॉवर प्लग, दोन्ही असतील तरच तो घ्या. थंडीत १५ लिटरची बादली त्यावर साधारण वीस मिनिटांत तापते, म्हणजे अर्धा युनिट वीज. बादली प्लॅस्टिकची हवी आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. रॉड आणि इस्त्रीवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. ते नसेल तर दुकानदाराने कितीही भाव उतरवला तरी घेऊ नका.

लॅपटॉपची घाई नको

सगळ्यात मोठा खर्च हाच आणि त्यासाठी काही घरांत कर्जही काढलं जातं. म्हणूनच पहिले काही आठवडे थांबलेलं चांगलं. कायद्याच्या विद्यार्थ्याला हलका, बॅटरी टिकणारा आणि कीबोर्ड चांगला असलेला लॅपटॉप पुरतो. इंजिनीअरिंगमध्ये शाखेप्रमाणे गरज बदलते. कोणतं सॉफ्टवेअर लागणार, हे शिक्षक आणि सीनियरच सांगू शकतात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरात आहे का, रॅम पुढे वाढवता येते का, हे विचारून घ्या. जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्ससारख्या बाजारात दोन-चार दुकानं फिरून भाव काढा आणि पक्कं बिल घ्या. सोबत एक बाहेरची हार्ड डिस्क हवीच. लॅपटॉप बिघडला तर नवा आणता येतो, पण वर्षभराचा प्रोजेक्ट परत मिळत नाही.

लहान वस्तू, मोठा उपयोग

खरं सुख लहान वस्तूंत आहे. टेबलाला चिमट्याने बसवायचा एलईडी दिवा घ्या. रात्री एक वाजता वाचताना जोडीदाराची झोप मोडत नाही. इअरफोन आणि चांगलं कुलूप हवं. इस्त्री तिघांत मिळून एक पुरते आणि परवानगी असेल तर अर्ध्या-पाऊण लिटरची छोटी केटलही. कोणी काय आणायचं, हे फोनवर आधीच ठरवलं की प्रत्येकाचे पैसे वाचतात.

पॉवर बँक घेताना आकड्याला भुलू नका. दहा हजार एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात साधारण सहा-साडेसहा हजारच देते. पाच हजारांची बॅटरी असलेला मोबाईल तिच्यावर दोन वेळा नव्हे, साधारण सव्वा वेळा चार्ज होतो. तिच्यावर आणि चार्जरवर मानक ब्यूरोचा, आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं पाहा. उशीखाली ठेवून चार्जिंग करायचं नाही, हे तर ठरलेलंच.

आई-बाबांनी यादी जरूर करावी, पण तिचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात दिवा, चार्जर, बोर्ड आणि कुलूप असावं. ते सोबत न्यावं. बाकीच्या वस्तूंचे पैसे मुलाच्या खात्यात ठेवावेत आणि महिनाभराने, खोली पाहून, त्यालाच ठरवू द्यावं. वॉटचा आकडा वाचून, बिल तपासून, जोडीदाराशी बोलून एक वस्तू स्वतः घेतली की घराबाहेर राहण्याचं निम्मं शिक्षण तिथेच होतं.