खऱ्या स्वाराला एबीएस लागत नाही?

(१) ‘खऱ्या स्वाराला एबीएस लागत नाही.’ मोटरसायकलप्रेमींच्या चर्चेत हे वाक्य कुणीतरी फेकतोच. त्यामागे परंपरेचा अभिमान असतो. परंपरेचे ज्ञान क्वचितच.

(२) शंभर वर्षांपूर्वीच्या कित्येक मोटरसायकलींवर ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे स्वार हँडलवरील कळीने ठरवी. इंजिनाला तेलही हातपंपाने देई. पुढे ही कामे यंत्राने स्वतःकडे घेतली. त्यामुळे कौशल्य बुडाले, अशी तक्रार आज कुणी करीत नाही. ‘शुद्धते’ची रेषा बहुतेकजण आपल्या पहिल्या गाडीपाशीच ओढतात!

(३) आता १९५८ पाहा. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑरवर डनलॉपची ‘मॅक्सारेट’ बसवून चाचण्या घेतल्या. ही प्रणाली मुळात विमानांसाठी घडवलेली, पूर्णतः यांत्रिक. निसरड्या रस्त्यावर, चाक जाम होऊन थांबण्याच्या तुलनेत, थांबण्याचे अंतर ३० टक्क्यांपर्यंत घटले. तरीही एनफिल्डचे तांत्रिक संचालक टोनी विल्सन-जोन्स यांना तिचे भवितव्य दिसले नाही. प्रकरण तिथेच मिटले.

(४) इलेक्ट्रॉनिक एबीएस विक्रीच्या मोटरसायकलवर आले १९८८मध्ये, बीएमडब्ल्यू के१००वर. मधली तीस वर्षे एकट्या संचालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. हलके, भरवशाचे इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हतेच. भारतात १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएसची सक्ती व्हायला एप्रिल २०१९ उजाडले.

(५) जाम झालेले पुढचे चाक वळत नाही, गाडीला सावरतही नाही. चाक अडण्याच्या बेतात आहे हे संवेदक ओळखतो आणि ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा सैल-घट्ट होतो. कोणत्याही बोटांना ही चपळाई साधत नाही. त्या क्षणी लीव्हर थरथरते आणि जुनी सवय म्हणते, सोड. सोडायची नसते, दाबून धरायची असते. हे मोकळ्या जागेत, कमी वेगात मुद्दाम शिकावे लागते.

(६) विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. सैल खडीवर जाम चाक पुढ्यात खडीचा ढीग रचते आणि कधी लवकरही थांबते. म्हणूनच चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये ऑफरोड मोड निवडला की मागच्या चाकाचे एबीएस बंद होते. ते केव्हा बंद करावे, हा निर्णय आजही स्वाराचाच.

(७) एवढ्यावरही ज्यांना शुद्धताच हवी, त्यांनी ठिणगीची कळ परत बसवून घ्यावी. तेलाचा हातपंपही विसरू नये.