घोडा घरीच बसवावा काय?

गेल्या पावसाळ्यात नारायणगावच्या माझ्या दुकानात एक बागायतदार स्नेही आले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी माझ्यापुढे एक नवा घोडा व दोन स्प्रिंगा ठेवल्या. घोडा पिस्तुलाचा, १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नरातून नेले ते घोडे निराळे! "मिस्त्री, तुम्ही एवढाली इंजिने खोलता, हे चिमूटभर काम घरी येऊन करून द्या. चाप फार जड लागतो." मी नाही म्हटले. तेव्हापासून गावात माझ्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला आहे. तो मला मान्य आहे. पण त्याची कारणेही ऐकावीत.

पंपात बाजारचा वायसर बसवला नि तो चुकला, तर पाणी थांबते. चूक सुधारायला उद्याचा दिवस हाती असतो. पिस्तुलात ताणलेला घोडा एका बारीकशा खाचेवर अडलेला असतो. चाप हलका व्हावा म्हणून कुणी ती खाच घासली किंवा नरम स्प्रिंग घातली, तर ते नुसते हातातून पडले तरी गोळी सुटू शकते. आणि ती कुणाला लागायची, हे त्या वेळी घरात कोण बसले आहे त्यावर ठरते.

१९५९ चा शस्त्र अधिनियम सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो आणि शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना मागतो. बाळगण्याचा परवाना तेवढ्याने भागत नाही. हे इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याचे शेपूट आहे, असे स्नेह्यांचे म्हणणे. त्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केले, हे खरेच. पण १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला, तोही नियमांच्या चौकटीतच मागितला होता!

"मग बिबट्याचे काय?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. कुकडी-घोडच्या धरणांचे पाणी आले, जुन्नर-आंबेगावात ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्याने संसार थाटला. आमची माणसे गेली, लेकरे गेली. परंतु बिबट्या समोर येऊन आव्हान देत नाही. तो रात्री वाकून दारे धरणाऱ्याच्या पाठीवर येतो. त्या माणसाच्या हाती फावडे असते. पिस्तूल असते मालकाच्या कमरेला, आणि मालक त्या वेळी घरात निजलेला असतो! मग या पिस्तुलाचा चाप हलका करायचा तो कुणासाठी? लग्नाच्या मांडवात जाकिटाखालून ते दिसावे म्हणून?

वाचकहो, पिस्तूल बिघडले असेल तर ते परवानाधारक कारागिराकडे न्यावे. आणि बिबट्याची खरी भीती असेल, तर प्रत्येक वावराला दिवसा वीज मागावी, म्हणजे रात्रीचे दारे धरणे सुटेल. त्या अर्जावर पहिली सही माझी. जळालेल्या मोटारी खुशाल आणा. मध्यरात्रीही दुकान उघडीन. तो रुमाल मात्र गाठ मारून परत न्या.