छपराखालचा पारा

मे महिन्यात नागपूरकर रोज सकाळी पेपरात आधी पारा बघतात. तो सोनेगावच्या विमानतळावरचा असतो. हवामान खाते तापमान मोजते ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत. शास्त्राला तसेच मोजमाप हवे, त्याशिवाय एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना व्हायची नाही. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. माणसे राहतात स्लॅबखाली आणि पत्र्याखाली, आणि तिथला पारा कोणी लिहून ठेवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात तीन सेन्सर लावले. आगपेटीएवढे, आत बटन सेल. ब्लूटूथवरून मोबाइलला आकडा देतात आणि दर दहा मिनिटांची नोंद राहते. आधी एक रात्र तिन्ही एकाच ताटात शेजारी शेजारी ठेवले. त्यातला एक अर्धा अंश जास्त दाखवत होता, तो फरक लक्षात ठेवला. हे न करता लावलेल्या सेन्सरवर विश्वास ठेवू नये. फ्रिजच्या पाठीमागे किंवा ऊन लागणाऱ्या भिंतीवर टांगलेल्यावर तर मुळीच नाही. एक उत्तरेच्या गॅलरीत सावलीला, एक स्वयंपाकघरात आणि एक आईच्या खाटेशी, उशीच्या उंचीला ठेवला.

गॅलरीतला पारा दुपारी चारच्या आत कळसाला पोचून दिवस मावळताच उतरायचा. आईच्या खोलीतला रात्री नऊपर्यंत चढतच राहायचा. दिवसभर प्यायलेले ऊन स्लॅब रात्री खोलीत सोडतो, हे पुस्तकात वाचले होते. रात्री दोनला बाहेर २९ आणि खाटेशी ३४, हे मात्र पहिल्यांदा पाहिले. "रात्री अंगाची आग होते रे, झोपच लागत नाही," असे आई तीन उन्हाळे सांगत होती. आम्ही ते वयावर ढकलले होते. तिचे म्हणणे खरे होते आणि आम्ही ऐकले नाही, हे लिहिताना आजही वाईट वाटते. गच्चीला चुना मारला, रात्री गॅलरीचे दार उघडे ठेवून पंखा त्या बाजूला लावू लागलो. बाहेर तेवढाच उन्हाळा असताना खाटेशेजारचा आकडा दोन अंशांनी खाली आला.

मग घरी कामाला येणाऱ्या मावशींनी एक सेन्सर त्यांच्याकडे नेला. त्यांच्या घरावर पत्रे आहेत. तिथला आलेख अगदी उलटा निघाला. पत्रा भर दुपारी भाजतो आणि अंधार पडताच निवतो. म्हणजे आमच्या घरी जपायची ती रात्र आणि त्यांच्याकडे बारा ते चार, जेव्हा मोठी माणसे कामावर आणि घरात लहान मुले असतात. 'दुपारी घरातच थांबा' हा सरसकट सल्ला त्या मुलांच्या काय उपयोगाचा? जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. आता खोलीत ४० झाले की नाही, हे सोनेगावच्या आकड्यावरून कसे कळणार?

यंत्रणेला हे मोजणे जमत नाही असेही नाही. लसींसाठी २०१५ पासून 'ई-विन' नावाची व्यवस्था आहे. लस ठेवलेल्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेले की सिमकार्डाच्या लॉगरवरून जबाबदार कर्मचाऱ्याला मोबाइलवर इशारा जातो. फार चांगले काम आहे ते. तीच लस टोचून घेतलेले बाळ घरी जाऊन कुठल्या तापमानात झोपते, याची चौकशीही व्हायला हवी. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यानंतर आपल्याकडच्या शहरांतही आराखडे आले. पण इशारा निघतो तो बाहेरच्या पाऱ्यावर. महापालिकांनी मार्च संपायच्या आत प्रत्येक प्रभागातली काही पत्र्याची घरे, वरचे मजले आणि अंगणवाड्या निवडून, घरच्यांच्या संमतीने सेन्सर लावावेत आणि नोंद आधी त्या घरच्यांच्या हाती द्यावी.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरात जो सर्वांत वयस्क किंवा आजारी असेल त्याच्या उशाशी एक सेन्सर ठेवा, आणि सकाळी उठल्यावर रात्री दोनचा आकडा आधी बघा.